उंच पाट

चूक धांडे गुरुजींची होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण अशा गोष्टींत शेवटी गुरूच बरोबर निघतो आणि ऐकणारे माना डोलावतात. इथं तसं काही नाही.

“किती पुस्तकं झाली?” गुरुजींनी विचारलं.

“एकशे चौदा.”

“वर्षात?”

“दत्तजयंती ते दत्तजयंती. उद्या वर्ष पुरं होतंय.”

गुरुजी काही बोलले नाहीत. न बोलणं हा त्यांचा धंदाच आहे.

परतवाड्याच्या बाहेर, नदीकाठी, दत्ताचं एक लहानसं देऊळ आहे. धांडे गुरुजी आधी शाळेत मास्तर होते. मला चौथीला होते. तेव्हा तासभर बोलायचे आणि फळा भरून टाकायचे. मग निवृत्त झाले, बायको गेली, दाढी वाढली, देवळाच्या ओवरीत राहायला आले. दाढीबरोबर बोलणं कमी झालं. मग लोक नारळ घेऊन यायला लागले.

वर्षापूर्वी मीही गेलो. नारळ नेला नव्हता.

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडून आलो होतो. का सोडलं, ते लांबवत नाही. भर वर्गात ज्या सरांनी मला ‘तू यंत्र बनवणार नाहीस, यंत्र पुसशील’ म्हटलं, ते आता विभागप्रमुख आहेत. एवढं पुरे.

घरी बाबा बोलत नव्हते. शिव्या देत नव्हते, विचारत नव्हते. ताट वाढायचे आणि आपलं जेवायला बसायचे. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात दोघंच होतो आणि दोघंही गप्प.

“मी आता काय करू?” मी गुरुजींना विचारलं होतं.

“वाच.”

“काय?”

“काहीही. रोज. समोर एक पाट मांडून वाच. पाट रिकामा ठेव. वर्ष झालं की तो देवळात आणून दे.”

“रिकामा कशाला?”

गुरुजी नदीकडे बघायला लागले...

आमच्याकडे घरात पोथीचं पारायण असलं की वाचणाऱ्याजवळ एक पाट मांडतात. दत्त महाराज ऐकायला येऊन बसतात, अशी समजूत. त्यावर कोणी बसत नाही. चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. मी देव मानत नाही. पण कादंबरीसमोर पाट मांडायचा, यात गंमत वाटली. शिवाय बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मला काही करायला सांगितलं होतं.

तर आता वर्ष संपत आलं होतं. सायकलच्या कॅरिअरला चादरीत गुंडाळलेला पाट बांधून आणला होता. पिशवीत वही होती आणि वाचनालयाची तीन पुस्तकं, सगळ्यांत आवडलेली. वहीत एकशे चौदा नोंदी. पुस्तक, तारीख, मत. मत म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘भिकार’. लेखक जितका म्हातारा तितकं मत छोटं.

गुरुजींनी वही घेतली. डोळ्यांजवळ धरून पानं उलटली.

“हे ‘भिकार’ फार आहे.”

“पुस्तकंच तशी आहेत. निम्मे लेखक आपल्या लहानपणाबद्दल लिहितात. आंब्याचं झाड, आजोळ, विहीर. उरलेले निम्मे त्यांना बक्षीस देतात.”

“चांदण्या तीन आहेत.”

“तेवढीच चांगली निघाली.”

“सांग.”

मी तयारी करून गेलो होतो. घरी आरशासमोर बोलून बघितलं होतं, हे लिहायला लाज वाटते, पण बघितलं होतं.

“पहिलं एका दीपगृहाच्या रखवालदाराचं आत्मचरित्र. अठ्ठावीस वर्षं दिवा लावला. त्या दिव्यावर वाट काढून गेलेल्या एकाही माणसाशी तो कधी बोलला नाही.”

“आवडलं?”

“फार.”

“का?”

“त्याला कोणाची गरज नव्हती.”

“बरं... दुसरं?”

“कन्नडवरून आलेली कादंबरी. दोन भाऊ दहा वर्षं विहीर खणतात. पाणी लागत नाही. शेवटच्या पानावर एक भाऊ खाली उतरलेला असतो आणि वरचा भाऊ दोर सोडून निघून जातो.”

“मुद्दाम?”

“लेखक सांगत नाही. तुमच्यासारखाच आहे.”

गुरुजी हसले. खरं हसले, दाढीतून दात दिसले. मला ते चौथीच्या वर्गातले आठवले आणि जरा राग आला. राग धरायला सोपा पडावा म्हणून तरी माणसानं हसू नये.

“तिसरं?”

“वाळवीवरचं.”

“वाळवी?”

“किडा. शास्त्राचं पुस्तक आहे. वारूळ कसं बांधतात, आत हवा कशी खेळवतात, लाकूड कसं पचवतात. सव्वातीनशे पानं.”

“हे कुठून मनात आलं?”

“टेबलावर पडलं होतं.”

ते खरं नव्हतं. मी ते कपाटातून शोधून काढलं होतं.

माझे बाबा आरा मशीनवर लाकूड कापायचे. चाळीस वर्षं. सही करता यायची, दुकानाच्या पाट्या वाचता यायच्या, त्यापुढं नाही. ते पुस्तक घरी आणलं तेव्हा मुखपृष्ठावरचा किडा बघून ते दारात थांबले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले.

“ह्या किड्यावर येवढं मोठं पुस्तक? काय लिवलं हाय त्यात?”

“तुम्हाला नाही कळायचं.”

मी शुद्ध भाषेत बोललो. कॉलेजातून तेवढी एक गोष्ट घेऊन आलो होतो.

बाबा गेले नाहीत. दाराला टेकून उभे राहिले. “सागाच्या गाभ्याले थे लागत नाई,” ते म्हणाले. “पाहून सांग मले, लिवलं हाय का.”

“बघतो.”

दोन दिवसांनी सापडलं. एकशे बारावं पान. बाबा म्हणाले होते तसंच. मी पेन्सिलीनं खाली रेघ मारली आणि पुढं वाचत गेलो. सांगितलं नाही. वर्षात पुस्तकं शंभरावर न्यायची होती.

गुरुजींना यातलं काहीच बोललो नाही. वहीत त्या पुस्तकापुढं चांदणी होती, तेवढी त्यांना दिसली.

“पाट आणलास?”

मी चादर सोडली. पाट ओवरीत ठेवला.

गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं. मग वाकून तो उलटा केला. खालच्या बाजूवरून हात फिरवला. तिथंही रंधा मारलेला होता. पाटाची खालची बाजू कोणी बघत नाही, तिथं कोणी रंधा मारत नाही. पुन्हा सुलटा ठेवला. बोटांनी उंची मापली.

“पाट एवढा उंच असतो का?”

“मीही तेच म्हटलं होतं.”

“कोणाला?”

“बाबांना. त्यांनीच केला. मी म्हटलं, पाट हवाय वाचायला. त्यांनी विचारलं, कशाला? म्हटलं, समोर मांडायचा. दोन दिवसांत करून दिला. एवढा उंच कशाला म्हटलं, तर म्हणाले, राहू दे.”

गुरुजी म्हातारे आहेत. एरवी बसायचं तर खांबाला धरतात, एक हात गुडघ्यावर, मध्येच थांबतात, मग खाली. आता ते पाटाजवळ उभे राहिले. वळले. खांबाला न धरता बसले.

एका दमात.

बसल्यावर त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग पाटाच्या दोन्ही बाजूंना किती जागा उरलीय ते हातानं चाचपलं.

“तुझ्या बाबांचे गुडघे...?”

“डावा. ओंडका पडला होता. खाली बसता यायचं नाही.”

“अंगानं?”

“रुंद.”

मी पाटाकडे बघत होतो. वर्षभर रोज बघत होतो. माझ्यापासून हातभर अंतरावर, रोज.

“मग बसायचे ना ते?” गुरुजींनी विचारलं.

“नाही.”

“एकदाही नाही?”

“एकदा येत होते.”

होळीनंतरचा रविवार. बाबा हातपाय धुऊन आले. धुतलेला शर्ट घातला होता, भुशाचा वास नव्हता. मला वाटलं कुठं लग्नाला चाललेत. ते माझ्यासमोर आले, भिंतीला हात लावला आणि पाटावर टेकायला लागले.

मी पुस्तकातून मान वर काढून म्हटलं, “बाबा, तिथं नाही. तो रिकामा ठेवायचाय. गुरुजींनी सांगितलंय.”

बाबा अर्ध्यातून उठले. दुखलं असणार.

“हो का,” ते म्हणाले. “बरं झालं सांगतलं. मले का मालूम.”

खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी पाट पुसला. त्यांचं अंग जिथं जरासं लागलं होतं तेवढी जागा. मग उंबरठ्यावर जाऊन बसले, डावा पाय लांब करून.

थोड्या वेळानं म्हणाले, “तुह्ये होटबी नाई हालत बे वाचताना.”

“मनात वाचतो. मोठ्यानं वाचलं तर वेळ लागतो.”

“हाव, वेळ तं लागन,” बाबा म्हणाले.

त्या दिवशी चाळीस पानं झाली. नोंद आहे.

हे मी गुरुजींना सांगितलं. सांगताना मध्येच बाबांसारखं बोलायला लागलो, शुद्ध भाषा कुठं गेली कळलं नाही. गुरुजी ऐकत होते. पाटावरून हलले नव्हते.

“आता बसव त्यांना,” शेवटी ते म्हणाले. “हा पाट देवळात नको. घरी ने. आज संध्याकाळीच बसव.”

“ते गेले.”

“कधी?”

“जेठात. मशीनवरच, दुपारी. चहा हातात होता म्हणतात. मी वाचनालयात होतो. निरोप आला तेव्हा पान संपवून उठलो.”

गुरुजींनी वही पुन्हा उघडली. जेठाची पानं काढली. मला ठाऊक होतं ते काय बघतायत. चार दिवस कोरे, आणि पाचव्या दिवशी नवं पुस्तक. तेराव्याच्या आत मी तीन संपवली होती.

नदीवर कोणी तरी कपडे आपटत होतं.

मग माझं तोंड सुटलं.

“तुम्ही सांगायला पाहिजे होतं.”

“हो.”

“पाट रिकामा ठेव, कोणी आलं तर त्याला बस म्हण. एवढंच तर बोलायचं होतं. अर्धी ओळ.”

“हो.”

“मनात तेच होतं ना तुमच्या?”

“तेच होतं. घरात दोनच माणसं. एक वाचेल, दुसरा येऊन बसेल. पाटाचं निमित्त.”

“मग बोलला का नाहीत?”

मला वाटलं, आता नदीकडे बघतील. बघितलं असतं तर मी पाट उचलून पाण्यात फेकला असता.

“मास्तर होतो तेव्हा सगळं समजावून सांगायचो,” ते म्हणाले. “कोणी ऐकत नव्हतं. इथं आलो, अर्धं बोलायला लागलो. लोक पाया पडायला लागले.”

“म्हणून?”

“म्हणून.”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सगळी दत्ताची इच्छा. एखादा म्हणाला असता, तुझे बाबा वरून ऐकतायत. गुरुजी तसलं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं लिहितो. यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

ते पाटावरून उठले. बसायला सोपं गेलं होतं तसं उठायलाही गेलं. पण मग ते पाटाशेजारी फरशीवर बसायला लागले. खांब लांब होता. एक हात जमिनीवर टेकला, गुडघा वाजला, तोंड वेडंवाकडं झालं. मी धरायला गेलो नाही. ते बसले.

बसल्यावर धोतराच्या सोग्यानं त्यांनी पाट पुसला.

“वाच,” ते म्हणाले.

“काय?”

“वाळवीचं. ते पान.”

“मोठ्यानं?”

गुरुजींनी मान हलवली.

मी पिशवीतून पुस्तक काढलं. एकशे बारावं पान उघडलं. पाट समोर होता, उंच, रुंद. मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत आवाज फाटला. पुन्हा पहिल्यापासून घेतलं. वाळवी आधी बाहेरचं कोवळं लाकूड कुरतडते. वर्षानुवर्षं. आतल्या गाभ्यापाशी आली की थांबते. सागाच्या गाभ्यात असं काही असतं की ते तिला पचत नाही...

पेन्सिलीची रेघ आली. त्या रेघेवरून वाचून पुढं गेलो. पान संपवलं. समोरचंही वाचलं. वेळ लागला.

थांबलो तेव्हा कपडे आपटायचा आवाज बंद झाला होता.

मला वाटलं, आता ते काही तरी अर्धवट बोलतील.

गुरुजी पाटाकडे बघत होते.

“चांगलं वाचतोस,” ते म्हणाले. “तुझ्या बाबांना ते ऐकायला मिळालं नाही.”