शिंपडे, बुडवे आणि हलकं बाळ

एक होती आजी, आणि समोरच्या आळीत होती दुसरी आजी. गोष्ट दोघींची आहे, पण आपण पहिलीच्या ओट्यावर बसून ऐकायची, बरं का.

पहिलीचं नाव एस्तेरबाई आणि दुसरीचं सगुणाबाई. त्यांचं गाव नदीकाठी होतं आणि सगळं गाव येशूला मानणारं होतं. पूर्वी तिथं एकच देऊळ होतं. मग वाद निघाला, की बाप्तिस्मा द्यायचा कसा. काहीजण म्हणाले, तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की झालं. बाकीचे म्हणाले, तसं नाही. लेकरू मोठं होऊ दे, आपल्या तोंडानं कबुली देऊ दे, मग त्याला नदीत बुडवून काढा. दोन्हीकडची माणसं शहाणी होती, म्हणून भांडण पुष्कळ चाललं. शेवटी देवळं दोन झाली. एका आळीला लोक शिंपडे म्हणू लागले आणि दुसरीला बुडवे. मग शिंपडे बुडव्यांच्या प्रभुभोजनाला, म्हणजे देवळातल्या भाकर-प्याल्याच्या पंगतीला, जाईनात, आणि बुडवे शिंपड्यांच्या मयताला खांदा देईनात.

एस्तेरबाई शिंपड्यांची. तिच्या मुलानं, याकोबनं, लग्न केलं ते नेमकं बुडव्यांच्या करुणाशी, म्हणजे सगुणाबाईच्या लेकीशी. वर्षाच्या आत त्यांना बाळ झालं. बाळाच्या गालाला खळी होती. एस्तेरबाईनं त्याला आपल्या देवळात नेलं, कपाळावर पाणी शिंपडून घेतलं आणि नाव ठेवलं शमुवेल.

मग करुणा माहेरी गेली. सगुणाबाईनं बाळाला आपल्या देवळात नेलं, पाणी न लावता देवाच्या हाती अर्पण केलं आणि नाव ठेवलं उल्हास.

हे एस्तेरबाईला कळलं आणि तिच्या पोटात आग पडली. पण खरं सांगू का? आग नावामुळे नव्हती. सगुणाबाईच्या मांडीवर बाळ घटकाभरात झोपी जायचं आणि एस्तेरबाईच्या मांडीवर ओठ काढून रडायचं. ते तिच्या मनाला डाचत होतं. पण असलं कुणाला सांगता येतं का? म्हणून ती पाण्यावरून भांडायची.

"विहीणबाई, आमच्या शमुवेलला भलत्या नावानं हाक मारू नका," ती म्हणाली.

"चार थेंबांचं नाव ते, विहीणबाई. उन्हात उभं केलं की वाळून जाईल," सगुणाबाई म्हणाली.

"आणि तुमचं तर अजून ओलंसुद्धा झालेलं नाही."

असं बोलणं झालं, आणि त्या दिवशी करुणानं बाळाला उचललं तर ते चुरमुऱ्यांच्या पिशवीसारखं हलकं लागलं. दूध तर पोटभर पीत होतं. मग वजन गेलं कुठं? पुढे जेव्हा जेव्हा एक आजी दुसरीचं नाव खोडून काढायची, तेव्हा तेव्हा ते आणखी हलकं व्हायचं. एक दिवस बाळ झोळीतून बोटभर वर तरंगताना दिसलं.

मग एस्तेरबाईनं काय केलं? सोनाराकडून चांदीचे वाळे आणले, चांगले जाड, आणि बाळाच्या पायात घातले. आळीभर दाखवतही हिंडली. बाळ खाली आलं. पण सगुणाबाईनं वाळे पाहून नाक मुरडलं, शब्दाला शब्द वाढला, आणि बाळ वाळ्यांसकट वर गेलं.

मग सगुणाबाईनं काय केलं? पाट्यावरचा वरवंटा आणला, दुपट्यात गुंडाळला आणि बाळाशेजारी झोळीत बांधला. बाळ खाली आलं. तर एस्तेरबाई म्हणाली, "नातवाला दगड देतात बुडव्यांकडे." झालं, बाळ वरवंट्यासकट वर गेलं.

मग तिसऱ्यांदा एस्तेरबाईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून बाळाला खाटेच्या पायाला बांधलं. तेवढ्यात सगुणाबाई आली.

"हे काय, वासरासारखं बांधलंत?"

"माझा नातू आहे, मी बांधीन."

"तुमचा एकटीचा?" असं म्हणून सगुणाबाईनं गाठ सोडली, आणि बाळ दारातून बाहेर गेलं. दोन्ही देवळांच्या मध्ये चिंच होती, वर वर जात तिच्या शेंड्याला टेकलं.

दोन्ही आळ्या धावत आल्या. शिंपडे ओरडले, "शमुवेल!" बुडवे ओरडले, "उल्हास!" जितका ओरडा वाढला तितकं बाळ वर गेलं. ओरडून ओरडून सगळ्यांचे घसे बसले आणि माणसं गप्प झाली. करुणा खाली बसून नुसती वर बघत होती.

त्या शांततेत सगुणाबाई हळूच म्हणाली, "उल्हास, ये रे राजा."

आणि बाळ शेंड्याच्या फांदीपर्यंत खाली आलं.

एस्तेरबाईनं ते पाहिलं. तिला बरं वाटायला हवं होतं, नाही का? पण तिला वाटलं, तिचं ऐकतो, माझं ऐकत नाही. ती चटकन ओरडली, "शमुवेल!" आणि बाळ फांदी सोडून पार आभाळाकडे निघालं.

 आपण त्याला बोलवत नव्हतो, त्याला सगुणाबाईपासून ओढत होतो, हे तेव्हा एस्तेरबाईला उमगलं. आता एकच करण्यासारखं होतं, आणि तेच तिला करवत नव्हतं. घशात माशाचा काटा अडकावा तसं ते दुसरं नाव अडकलं होतं.  तिनं करुणाकडे पाहिलं.

"उल्हास," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "उल्हास, ये रे बाबा. तुझी सगुणाआजी बोलावतेय."

बाळानं मान वळवली. फांदी फांदी करत ते खाली आलं. आलं ते कुणाच्या मांडीवर? सगुणाबाईच्या. एस्तेरबाईला ते पुन्हा डाचलं. मत्सर असा एका हाकेत जात नाही, लेकरांनो. पण तिनं पुढे होऊन बाळाचं दुपटं नीट केलं.

सगुणाबाईनं ते पाहिलं. मग म्हणाली, "विहीणबाई, शमुवेल फार जड झालाय हो. माझ्या पायाला मुंग्या आल्या. जरा घ्या बघू."

तिच्या तोंडी ते नाव पहिल्यांदाच आलं होतं. एस्तेरबाईनं हात पुढे केले. तिच्या मांडीवर आल्याबरोबर बाळानं नेहमीसारखे ओठ काढले आणि भोकाड पसरलं. पण चांगलं वजनदार होतं. तिनं त्याला रडू दिलं, आणि सगुणाबाई शेजारी बसून त्याचे तळवे चोळत राहिली.

पुढच्या रविवारी चिंचेखाली चटया टाकल्या. दोन्ही पाळकांनी मिळून एकच भाकर मोडली, एकच प्याला फिरवला, आणि शिंपडे-बुडवे मांडीला मांडी लावून बसले. पाण्याचा वाद काही मिटला नाही म्हणे. अजूनही चिंचेखाली बसून वाद घालतात, पण जेवून झाल्यावर. मुलगा मोठा झाला, दोन्ही नावांना ओ देऊ लागला, आणि दोन्ही आज्यांच्या घरी जेवून गुबगुबीत झाला. सगळी सुखात राहिली.

चला, आता सरका जरा. एका पांघरुणात सगळ्यांनी मावायचं आणि डोळे मिटायचे.