वरची हवा

माणसांनी एकदाचं आकाश स्वच्छ करायचं मनावर घेतलं, त्या काळातली ही गोष्ट. माळावरच्या एका प्रयोगशाळेत पांढरंशुभ्र वायुजहाज होतं. त्यात माणूस बसत नसे, इंधन जळत नसे. पोटात हलका वायू भरला आणि पाठीवर ऊन पडलं, की ते आपलं आपण उडे.

तो वायू पाण्यातून काढायला वीज लागे. ती वीज शेडमागचा डिझेल जनरेटर करी. खोकत खोकत तो विचारी, "दादा, वरची हवा कशी असते हो?"

"आधी तुझा धूर आवर," जहाज तोऱ्यात म्हणे.

एके दिवशी त्याला पहिल्यांदाच खूप उंच सोडलं. वर करडा थर पसरला होता. जहाज त्यात शिरलं आणि हबकलंच. वास ओळखीचा होता. पोट भरताना रोज येणारा.

खाली प्रयोगशाळेच्या प्रमुख तांबोळीमॅडम पाहुण्यांना सांगत होत्या, "बघा, धुराची रेघसुद्धा नाही!" टाळ्या पडल्या.

जहाज उतरलं तेव्हा त्याचं पोट काळवंडलं होतं. मॅडमनी ते पुसून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "उद्या आणखी उंच नेऊ. आताच वायू भरायला लावा."

जनरेटर धडधडू लागला. "दादा, आज तरी सांगा ना!"

"वरही तूच आहेस रे," जहाज कसंबसं म्हणालं, "आणि तुला तिथे मीच पाठवलंय."

धूर निघत राहिला, जहाजाचं पोट भरत राहिलं. बंद करायचं बटण दोघांपैकी कुणाच्याच हातात नव्हतं.