मागची सीट

"आता सांगा बाई, हिच्यात काय कमी आहे?"

प्रसन्न आवारीने मोटरसायकल डबल स्टँडवर ओढून उभी केली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

सुवार्ताबाई साळवे ओसरीत बसून चिंचा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली. टाकीचा काळा रंग असा चकाकत होता, की त्यात अंगणातलं जांभळाचं झाड दिसत होतं.

"छान दिसते," बाई म्हणाल्या.

"दिसण्याचं नाही विचारत मी."

"मग?"

"इंजिन मी उघडलं, मीच बसवलं. पिस्टनच्या रिंगा मी बदलल्या. चाकाच्या तारा एकेक करून मी ओढल्या. घरच्या अंगणात, माझ्या हाताने. एकाही मिस्त्रीचा हात लागू दिला नाही."

"माहीत आहे."

"एका किकमध्ये चालू होते."

"ऐकलं. तू घाट चढत होतास तेव्हाच आवाज ऐकला. आवाज चांगला आहे."

सुवार्ताबाई कोतवडीच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांना तेव्हा धड रस्ता नव्हता. बाई टाकीवर पिशवी बांधून मोटरसायकलवरून बाळंतपणं करायला जायच्या. वाटेत गाडी बंद पडली म्हणून येणारं बाळ काही थांबत नाही. तेव्हा गाडी खोलायला आणि जोडायलाही त्या शिकल्या. निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्यांच्या अंगणात जुन्या मोटरसायकली येऊ लागल्या. आपली गाडी आपल्या घरी, आपल्या हाताने नीट करावी, असं वाटणारी माणसं यायची. बाई त्यांना शिकवायच्या. दुसऱ्याच्या गाडीला मात्र स्वतः कधी पाना लावायच्या नाहीत.

त्यांच्याकडे शिकलेल्यांत प्रसन्नसारखा हात कुणाचा नव्हता. हे बाईच चारचौघांत सांगत. "माझ्याहून चांगला आहे त्याचा हात," म्हणत.

प्रसन्नला ते ठाऊक होतं. ठाऊक असल्याचं त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

"बस. चहा टाकते," बाई म्हणाल्या.

"चहा नको. एक काम आहे तुमच्याकडे. तात्यांना एक शब्द सांगा."

तात्या म्हणजे त्याचे वडील, लहानू आवारी. गाडी मुळात त्यांचीच. याच घाटात उतरताना ब्रेक लागला नाही आणि ते गाडीसकट कठड्यावर आदळले होते. बाईंनीच जागेवर फळ्या बांधून त्यांचा पाय सावरला होता. पाय जुळला, जरासा आखूड राहिला. गाडी गोठ्यात गेली आणि गोणपाटाखाली गंजत पडली... प्रसन्न तिला बाहेर काढेपर्यंत.

"काय सांगू त्यांना?"

"गाडी पक्की आहे, एवढंच. मी रोज घाट चढतो, उतरतो. पण मागे अजून कुणाला घेतलेलं नाही. पहिले तात्याच बसावेत, अशी माझी इच्छा होती."

"मग?"

"बसत नाहीत. जवळ येतात. टाकीवरून हात फिरवतात. मागच्या चाकापाशी वाकून बघतात... आणि एक अक्षर न बोलता घरात निघून जातात."

"विचारलंस का, की का?"

"विचारायचं काय त्यात? पडले होते. जुनी भीती आहे ती. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

"हं..."

बाईंनी चिंचांचं सूप बाजूला सारलं. हात धुतले. दार ओढून कडी घातली आणि अंगणात आल्या.

प्रसन्नला वाटलं, आता त्या गाडी तपासतील. त्याने पान्यांची पिशवी पुढे केली.

बाईंनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीला वळसा घालून आल्या, त्याच्या खांद्यावर भार दिला आणि मागच्या सीटवर चढून बसल्या. पदर खोचला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"चल, तुझ्या तात्यांकडे."

"आधी बघणार नाही?"

"काय बघू?"

"गाडी. चाकं, ब्रेक... काहीतरी."

"तू म्हणालास ना, पक्की आहे."

"म्हणालो. पण..."

"मग चल. ऊन वाढतंय."

प्रसन्न पुढे बसला. गाडी पुढे ढकलून त्याने स्टँडवरून खाली घेतली. किक मारली. एकाच किकमध्ये इंजिन सुरू झालं. त्याने क्लच दाबून गिअर टाकला.

फाटकाबाहेर रस्ता डावीकडे वळत होता आणि तिथूनच उतार लागत होता. कठड्यापलीकडे दरीतली झाडं वरून दिसत होती, नुसते शेंडे.

त्याने आरशात पाहिलं. बाईंनी काही धरलं नव्हतं. एस.टी.त खिडकीशी जागा मिळावी, तशा त्या निवांत बसल्या होत्या.

गिअर पडलेला होता. क्लच सोडायचा तेवढा बाकी होता.

हात क्लच सोडेना.

"काय झालं?" बाईंनी मागून विचारलं.

प्रसन्नने इंजिन बंद केलं.

"बाई, उतरता का जरा?"

"कशाला? मी बरी बसलेय."

"उतरा ना..."

"कारण सांग."



"पिन नाहीये," तो म्हणाला. "मागच्या ब्रेकची सळई चाकापाशी अडकते, तिथली. बसवताना हातातून निसटली. गोठ्यात शेणात कुठे गेली, सापडलीच नाही. मग मी तार पिळून लावली."

"केव्हा?"

"गाडी पहिल्यांदा चालू केली त्या दिवशी. दम निघत नव्हता. म्हटलं, उद्या लावू."

"आणि त्या तारेवर रोज घाट उतरलास."

"एकटाच होतो ना..."

बोलला आणि थांबला. आपणच बोललेलं आपल्या कानांनी ऐकावं, तसा थांबला.

बाई रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत.

"खिडकीत डबा आहे," त्या म्हणाल्या. "पिना त्यात आहेत. आणि गाडी आधी स्टँडवर घे."

"तुम्ही उतरल्याशिवाय कशी घेऊ?"

"घाट उतरवणार होतास मला. स्टँडवर घेता येत नाही?"

त्याने दात आवळून, बाईंसकट, गाडी स्टँडवर ओढली. डबा आणला. मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसला आणि पक्कड लावली. पीळ उलगडावाच लागला नाही. तारेचा एक पदर आधीच तुटला होता. दुसरा पकडीच्या स्पर्शाने सुटून त्याच्या तळहातावर आला.

प्रसन्न त्या तारेकडे बघत राहिला.

समोर बाईंचे पाय दिसत होते. जुन्या चपला, पायदानावर सारख्या टेकलेल्या.

"बाई..."

"हं?"

"तात्या इथे वाकायचे. याच बाजूला."

त्याने तळहातावरची तार मुठीत धरली.

"त्यांना तार दिसली असणार. याच ब्रेकने ते पडले होते. त्यांना दिसणारच."

त्याने मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"मग बोलले का नाहीत? एकदा म्हणायचं, अरे, पिन लाव म्हणून. मी लावली असती."

"लावली असतीस?"

प्रसन्नने डब्यातून पिन उचलली. तात्यांना आपण काय उत्तर दिलं असतं, ते त्याला चांगलं माहीत होतं. तुम्हाला यातलं काय कळतंय तात्या, असं म्हणाला असता. याआधी म्हणालाही होता.

त्याने नवी पिन घातली. तिचे दोन्ही पाय पकडीने नीट फाकवून वळवले. ब्रेकचं पायडल दाबून पाहिलं. मग कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुढच्या ब्रेकची केबल टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपली. दोन्ही चाकांचे नट पाना लावून बघितले. चेनचा ताण पाहिला. एक नट जरा हलला, तो आवळला.

झाडाची सावली बाईंवरून सरकली. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि तशाच बसून राहिल्या.

शेवटी प्रसन्नने हात पुसले. चेहरा उतरला होता, पण हात स्थिर होते.

"आता चला," तो म्हणाला. "आता नेतो मी तुम्हाला."

या वेळी क्लच सहज सुटला.

पहिल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला. चाकाने ऐकलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा दाबला. मोठं वळण आलं, तिथे एक ट्रक वर चढत होता. प्रसन्न कडेला थांबला, ट्रकला जाऊ दिलं आणि पुन्हा निघाला. आरशात त्याने एकदाही पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं नाही.

घाटाच्या पायथ्याशी आवाऱ्यांचं घर. लहानू आवारी अंगणात खाटेवर बसून दोर वळत होते. गाडीचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता, पण मागे बसलेलं माणूस दिसलं तसे ते उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही? हिच्यावरून?"

"पाणी द्या आधी," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याच खाटेवर जाऊन बसल्या.

तात्यांनी घरात हाक मारून पाणी सांगितलं. मग एका पायाने जरासं लंगडत ते गाडीपाशी आले. टाकीवरून हात फिरवला. मागच्या चाकापाशी गेले आणि वाकले.

प्रसन्न बाजूला उभा होता. एरवी त्याने इंजिनाचं, रिंगांचं, चाकाच्या तारांचं सगळं पुन्हा सांगितलं असतं. आज तो बोलला नाही.

तात्या बराच वेळ वाकलेलेच होते. त्यांनी बोटाने पिनेचं एक टोक दाबून पाहिलं... मग दुसरं.

"माझी चूक झाली, तात्या," प्रसन्न हळूच म्हणाला.

तात्या सरळ झाले. मुलाकडे पाहिलं. घरात गेले. दारामागच्या खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली. परत येऊन एक हात मागच्या सीटवर ठेवला.

मग खाटेकडे वळून, खरंतर मुलाला ऐकू जाईल अशा बेताने, त्यांनी विचारलं, "बाई, गाडी कशी आली घाटातून?"

बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"गाडीकडे लक्षच नव्हतं हो माझं, लहानूभाऊ... मोठ्या वळणाखाली करवंदं पिकलीत."