हारासाठी रुसलेला फोटो

भिंतीवरच्या फोटोंना बोलता यायचे, त्या काळातली ही गोष्ट. वामनरावांच्या बैठकीत दोन फोटो होते. एक त्यांच्या दिवंगत वडिलांचा आणि दुसरा खुद्द वामनरावांचा, फेटा बांधलेला. दसऱ्याला वडिलांच्या फोटोला झेंडूचा हार चढला. दाराला तोरण लागले, अंगणातल्या स्कूटरलाही हार मिळाला. वामनरावांचा फोटो मात्र फडक्याने पुसून तसाच ठेवला.

तो रुसला. “माझा मान स्कूटरपेक्षाही कमी? आत्ताच्या आत्ता हार हवा, नाहीतर खिळा सोडतो!” आणि तो खरोखरच एका बाजूला कलला.

फोटोमागे राहणारी पाल घाबरली. तो पडला तर तिचे घरच जाणार होते. ती म्हणाली, “अरे शहाण्या, जरा स्वयंपाकघराकडे कान दे. काय ऐकू येतंय?”

“वामनराव चहा भुरकतायत. बायकोला म्हणतायत, आज साखर कमी पडलीय.”

“त्यांची ही कुरकुर कायमची थांबली, की दुसऱ्याच दिवशी तुला हार. बोल, हवाय?”

फोटो हळूच म्हणाला, “कुरकुरू देत त्यांना शंभर वर्षं. पालताई, तू आधी मला सरळ कर बघू.”