ठकूबाईची तब्येत मोजायला आलेले साहेब

कोरलवाडीत वृद्धाश्रमाचे संचालक कुलथेसाहेब अवतरले. आश्रम बांधून तयार होता, फक्त म्हातारे मिळत नव्हते. म्हणून साहेबांनी दहा प्रश्नांचा एक शास्त्रीय तक्ता काढला. पाचापेक्षा कमी गुण पडले की म्हाताऱ्याची रवानगी आश्रमात, असा ठरावही ग्रामपंचायतीने डोळे मिटून करून दिला.

पहिली पाळी एक्याण्णव वर्षांच्या ठकूबाईची. घर आणि चार शेळ्या सोडून जायला ती मुळीच तयार नव्हती.

“तब्येत कशी आहे, आजी?”

“ठणठणीत.”

साहेब हसले. “तोंडात दोन दात, आणि ठणठणीत?”

“दोन्ही समोरासमोर हायत. भाकरी चावती.”

साहेबांनी शून्य लिहायला पेन उघडलं. तशी ठकूबाई म्हणाली, “बाजारात आमी आधी तराजू बरोबर हाय का बघतो, मग माल घालतो. तुमचा तक्ता आधी धडधाकट माणसावर लावून दावा की. तुमच्यासारख्या.”

साहेबांना हे फारच पटलं. त्यांच्याबरोबर आलेल्या नर्सताई प्रश्न वाचू लागल्या.

“स्वतःचं पाणी स्वतः भरता?”

साहेबांची बाटली धरून उभा असलेला शिपाई जमिनीकडे बघू लागला.

“स्वयंपाक?”

“मिसेस करतात.”

“कपडे धुणं?”

“बाई आहे.”

“मैलभर चालता?”

साहेबांनी जीपकडे पाहिलं. आंघोळ आणि जेवण मात्र ते स्वतःच्या हाताने करत.

“दहापैकी दोन,” नर्सताई हळूच म्हणाल्या.

साहेबांनी तक्ता घाईघाईने खिशात कोंबला. ठकूबाईने मायेने विचारलं, “साहेब, बोचकं बांधता येतं का, का त्यालाबी माणूस लागतो?”