घट्ट केलेला धागा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव सांगणारे आता कुणी उरले नाही. तिथे राजाची डाळिंबाची बाग होती आणि एक म्हातारा माळी ती सांभाळायचा. बागेतले सर्वांत जुने झाड त्याच्या वडिलांनी लावलेले. रोज सकाळी तो आधी त्या झाडापाशी जायचा, मग कामाला लागायचा.

बहर धरायचा तर डाळिंबाला आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडायचे. झाड पाने गाळते आणि मग पाणी मिळाले की फुलांनी भरून येते. पण ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच नाही. ते कळायचे कसे?

माळी प्रत्येक खोडाला एक सुती धागा बांधायचा. रात्रीतून झाड जमिनीतला ओलावा ओढून घेते, खोड भरते, म्हणून पहाटे धागा घट्ट बसतो. दुपारच्या उन्हात खोड आकसते, धागा सैल होतो. हे रोजचेच. पण ज्या दिवशी धागा पहाटेही सैल सापडेल, त्याच दिवशी पाटाचे पाणी सोडायचे. हसू नका, त्या धाग्याच्या भरवशावर बाग तीस वर्षे बहरत होती.

एका वर्षी बाग ताणावर असताना निरोप आला, की माळ्याचे कसब पाहुण्यांना दाखवायला राजा स्वतः येणार आहे. कारभारी भर दुपारी पाहणीला आला आणि त्याने नाक मुरडले.

"तुमच्यासारख्या जुन्या माणसाच्या बागेत असा गबाळेपणा? धागे बघा कसे लोंबतायत! जरा ताणून बांधा."

धागे का लोंबतात ते सांगायला माळ्याने तोंड उघडले होते. पण 'गबाळेपणा' हा शब्द त्याला फार लागला. त्याने मुकाट्याने एकेक धागा आवळून नवी गाठ मारली.

माळीण म्हणाली, "अहो, हे काय करता? आता पाणी कधी सोडायचं ते कळणार कसं?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," माळी म्हणाला.

राजाचे येणे मात्र आज-उद्या करत लांबले. रोज दुपारी धागे सैल पडायचे आणि रोज माळी ते आवळायचा. खरे तर दुपारी आवळलेला धागा पहाटे सालीत रुतायला हवा. तो रुतत नव्हता, म्हणजे रात्रीतूनही खोड भरत नव्हते. माळ्याच्या हे लक्षात आले नाही, असे मी म्हणणार नाही. लक्षात आले होते. पण बाग इतकी नीटनेटकी दिसत होती, की त्याला पुन्हा धागे सैल सोडवेनात.

सातव्या दिवशी राजा आला, खूश झाला आणि त्याने माळ्याच्या खांद्यावर शेला घातला. पाहुण्यांची पाठ वळताच माळी पाटाकडे धावला. पाणी झाडांभोवतीच्या आळ्यांतून खळाळत गेले. आठ दिवस झाले, पंधरा झाले. कुठेही कळी आली नाही. वडिलांच्या झाडाची साल त्याने नखाने खरवडली. आत हिरवे काहीच नव्हते.

राजाने त्याला बोलावून विचारले, "इतकी वर्षं बाग राखलीत, मग या वेळी कसं कळलं नाही?"

"झाडं रोज सांगत होती, महाराज," माळी म्हणाला. "मीच रोज त्यांचं तोंड बांधत होतो."

त्याने शेला राजाच्या पायाशी ठेवला. घरी येऊन वडिलांच्या झाडाचा धागा माळिणीच्या हातात दिला. धाग्यावर ओळीने सात गाठी होत्या आणि दोन गाठींमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे अंतर. तेवढे तेवढे झाड रोज वाळत गेले होते.  माळीण एकेका गाठीवरून बोट फिरवत राहिली आणि म्हातारा ओक्साबोक्शी रडला.

तात्पर्य: दुखणे दाखवणारी खूण झाकली, तर दुखणे जात नाही, फक्त ते वेळेवर कळत नाही.