तळ्यासाठी राखलेला चेंडू

एकदा एका तळ्याच्या काठी, गोल्फच्या छोटेखानी मैदानावर, अण्णा नावाचे एक वृद्ध खेळाडू आणि त्यांचा शिष्य खेळत होते. शिष्य म्हणावा असा तो कोवळा नव्हता. पन्नाशी उलटलेला, मोठ्या कारखान्याचा मालक. श्रीरंग त्याचे नाव. त्या मैदानावर प्रत्येक होल तीन फटक्यांत पुरे करायचे, म्हणजे चेंडू निशाणाजवळच्या खळग्यात घालायचा असतो. ऐकायला सोपे वाटते. पण मध्ये पाणी आडवे आले की भल्याभल्यांची भंबेरी उडते.

श्रीरंग त्या दिवशी फार थकलेला होता. खेळाने नव्हे. त्याची पत्नी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हाही तो कारखान्यातच गुंतून राहिला, हा राग मनात धरून त्याची मुलगी गार्गी परदेशी निघून गेली होती. तिने बोलणेच टाकले होते. ती त्या संध्याकाळी येणार होती. चालता चालता त्याने ते अण्णांना सांगितले.

"विमानतळावर ड्रायव्हरला पाठवतोय. हॉटेलात खोली घेऊन ठेवलीये. उगाच तिला अवघडल्यासारखं नको."



एवढ्यात तळ्याचे होल आले. निशाण पाण्याच्या पलीकडे. श्रीरंगने हातातला नवा कोरा चेंडू खिशात टाकला आणि पिशवीच्या तळातून एक कळकट, चरे पडलेला चेंडू काढला. यात नवल काही नाही. पाणी दिसले की नवा चेंडू जपायचा, ही या मंडळींची रीतच आहे. जुना बुडाला तर जीव हळहळत नाही.

अण्णांनी तो चेंडू त्याच्या हातून घेतला आणि सरळ तळ्यात भिरकावून दिला.

"अहो अण्णा, हे काय?"

"तुझं काम हलकं केलं. तू पिशवीत हात घातलास तेव्हाच तो बुडाला होता. आता नवा काढ."

नाइलाजाने श्रीरंगने नवा चेंडू मांडला. खांदे जड झाले होते, तरी फटका मात्र त्याने मन लावून मारला. चेंडू उंच गेला, निशाणाकडे झेपावला आणि पलीकडच्या काठाला हातभर कमी पडून पाण्यात गेला.

श्रीरंगला वाईट वाटले.

"बघा, गेला ना!"

"गेला," अण्णा गोल्फची काठी टेकून उभे राहिले. वयोमानाने तेही दमले होते. "नवा चेंडू मांडला म्हणून पाणी बाजूला सरत नाही, बाबा. पण जे गेलं तरी दुःख होणार नाही तेवढंच माणूस पुढे करत राहिला, तर त्याच्या हातून मनापासून काही घडतच नाही. जुना गेला असता तर तुला काही वाटलं नसतं. आणि पलीकडे पोचला असता, तरी काय मोठं वाटलं असतं? पोरीपुढे ड्रायव्हरला कशाला उभा करतोस? ती कदाचित तोंड फिरवेलही. पण ते तुला बघून फिरवू दे."

श्रीरंगने आपली काठी पिशवीत ठेवली. मग त्याने ड्रायव्हरला फोन केला आणि आज गाडी मीच नेतो, म्हणून सांगितले. त्यानंतर घरी स्वयंपाकाच्या मावशींना लावला. आवाज कापत होता. त्याने तो लपवला नाही.

"मावशी, गार्गीची खोली झाडून ठेवा. आणि ती घरी नाही आली, तरी उघडीच असू द्या."